डावीकडचे पक्षी

आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतरच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले होते. दुपारची वेळ. बाकांवर काळे गॉगल लावून ओळीने बसलेली म्हातारी माणसं, स्पिरिटचा वास, थेंब घातल्यावर मान मागे टाकून डोळे मिटून बसायची ती सक्तीची शांतता. नंबर काढणाऱ्या मुलीने चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावर दोन ओळी होत्या, एकीच्या आधी ओडी, दुसरीच्या आधी ओएस. आत्याने चिठ्ठी नाकाजवळ धरली आणि विचारलं, "हे ओएस म्हणजे काय गं बाळ?" मुलगी म्हणाली, "डावा डोळा, आजी. ऑक्युलस सिनिस्टर. लॅटिन आहे ते." आत्याने आयुष्यभर वाचनालयातून इंग्रजी रहस्यकथा आणून वाचल्यात. सिनिस्टर हा शब्द तिच्या ओळखीचा, पण तो बंद वाड्यांच्या आणि विषाच्या बाटल्यांच्या वर्णनातला. "सिनिस्टर? म्हणजे कपटी, पाताळयंत्री?" ती म्हणाली. मुलगी गोड हसली आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्या मात्र हसली नाही. रिक्षात बसल्यावर तिने चिठ्ठीची घडी घातली, नेहमीसारखी डाव्या हाताने, आणि म्हणाली, "म्हणजे तिकडेही तेच होय!"

ते "तिकडेही" माझ्या मनातून गेलं नाही.

आत्या डावखुरी आहे. म्हणजे जन्माने, लिहिते ती उजव्या हाताने. गावातल्या शाळेत पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की बोटांच्या पेरांवर छडी बसायची, आणि घरी आजी तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीने कमरेला बांधून ठेवायची, जेवण होईपर्यंत. आजी दुष्ट नव्हती. हे मी आत्यासमोरही म्हणते आणि आत्याही मान हलवते. मुलगी डाव्या हाताने वाढायला लागली तर पाव्हणे ताटावरून उठतील, तिचं लग्न अडेल, ही भीती त्या बाईला खरोखर रात्री झोपू देत नसणार. पण चिंधीची गाठ किती घट्ट होती हे आत्याला आजही सांगता येतं. परिणाम असा की तिचं अक्षर उजवीकडे कललेलं, दमलेलं दिसतं, आणि रांगोळी मात्र अशी की चिमटीतून रेघ सुटते ती श्वास घेतल्यासारखी. रांगोळी, पोळ्या, शिवण, सुपारी कातरणं हे सगळं डाव्या हाताचं. तीर्थ, प्रसाद, हळदीकुंकू, पैसे देणं-घेणं हे सगळं उजव्या हाताचं. घरात कुणी पाहत नसेल तेव्हाचा एक हात आणि चारचौघांतला दुसरा. हवालदिल होण्यासारखं त्यात तिला काही वाटत नाही, पण सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो हे तिला जेव्हा कळलं, तेव्हा तिने ते घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं होतं. त्याआधीच्या काळात तिचा माणूस अजित वाडेकर. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये जिंकलेल्या संघाचा कप्तान डावखुरा होता, हे तिच्या लेखी त्या विजयापेक्षा तसूभरही कमी नाही.

मी घरी येऊन वाचत बसले. लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणजे डावा आणि डेक्स्टर म्हणजे उजवा, एवढं सरळ. पण आत्याला सांगण्यासारखी गोष्ट पुढे होती. जुन्या रोममध्ये डावी बाजू अशुभ नव्हती. उलट ती शुभ होती. तिथे पक्ष्यांच्या उडण्यावरून देवांची मर्जी ओळखणारे सरकारी शकुनी असायचे, त्यांना ऑगर म्हणत. राज्याभिषेक, लढाई, निवडणूक, काहीही करायचं तर आधी हा माणूस उंचवट्यावर जाऊन बिनगाठीच्या वाकड्या टोकाच्या काठीने आकाशाचे भाग पाडायचा आणि मग वाट पाहायचा. कुठल्या भागातून पक्षी येतो, कुठे जातो. आकाशाच्या त्या आखलेल्या तुकड्याला टेम्प्लम म्हणत. टेंपल हा शब्द त्यातूनच आला. वॅरो या रोमन पंडिताने लिहून ठेवलंय की या मांडणीत समोर दक्षिण, पाठीमागे उत्तर, डावीकडे पूर्व आणि उजवीकडे पश्चिम. दक्षिणेकडे तोंड करून बसलं की सूर्य डाव्या हाताला उगवतो. म्हणून डावीकडून आलेला पक्षी चांगला, डावीकडे झालेला गडगडाट चांगला, असं कारण दिलं जातं. ग्रीकांचं उलट होतं. त्यांचा शकुन पाहणारा उत्तरेकडे तोंड करायचा, त्यामुळे पूर्व त्याच्या उजव्या हाताला यायची आणि सगळं भाग्य उजवीकडे जायचं. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो स्वतः ऑगर होता. इ.स.पू. ४४ मध्ये शकुनांवर लिहिताना त्याने हा पेच स्पष्ट मांडलाय: आम्हाला डावं बरं वाटतं, ग्रीकांना आणि परक्यांना उजवं. पुढे रोमन कवींनी ग्रीकांचं इतकं काही उचललं की त्याबरोबर त्यांचं डावं-उजवंही आलं. एकाच भाषेत सिनिस्टर कधी शुभ, कधी अशुभ असा दोन्हीकडे झुलत राहिला आणि अखेर अशुभाकडे पडला. इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचं शुभपण केव्हाच मागे राहिलेलं होतं.

आकाश तेच, पक्षी तेच. फक्त बसणाऱ्याने पाठ कुणीकडे केली होती, एवढाच फरक.

आपली पद्धत तिसरी. आपण पूर्वेला तोंड करतो. म्हणून जी समोरची ती पूर्व, मागची ती पश्चिम, आणि उजव्या हाताची ती दक्षिण. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा आणि दक्षिण म्हणजे दक्षिण दिशा, दोन्ही एकच. आणि हा दक्षिण लॅटिनच्या डेक्स्टरचा सख्खा भाऊ आहे, एकाच जुन्या धातूतून निघालेला. डेक्स्टरच्या शेवटी जो 'टर' आहे तोही आपल्या ओळखीचा: उत्तर, अधिकतर, उच्चतर यांतला 'तर'. थेट दुसऱ्या टोकाला, आयर्लंडमध्ये, देस या शब्दाचे आजही हेच दोन अर्थ आहेत, उजवा आणि दक्षिण. तोही याच कुटुंबातला. तिथल्या आणि स्कॉटलंडच्या जुन्या लोकांत पवित्र विहिरीला उजवा हात ठेवून, सूर्याच्या चालीने फेरी घालायची रीत होती. तिला ते देशल म्हणतात. आपली प्रदक्षिणा! पाऊस पडून गेलेल्या दगडी विहिरीभोवती शेवाळावरून जपून पाय टाकत फिरणारी ती माणसं मला एकदम घरची वाटली. रोमन इतिहासकार लिव्हीने रोमच्या न्यूमा राजाच्या अभिषेकाचं जे वर्णन केलंय त्यात तर आपल्यासारखीच मांडणी आहे. राजाला दगडावर दक्षिणाभिमुख बसवलंय, आणि डोकं झाकलेला ऑगर दक्षिणेच्या भागांना 'उजवे' आणि उत्तरेच्या भागांना 'डावे' असं नाव देतो. म्हणजे तो मनाने पूर्वेकडे पाहतोय. रोमच्या टेकडीवर बसून त्या माणसाने दक्षिणेला तोच शब्द वापरला जो आपण वापरतो. दक्षिणचं प्राकृतात दक्खिण झालं, त्याचं दख्खन, दख्खनचं इंग्रजांनी डेक्कन केलं आणि १९३० साली मुंबई-पुण्याच्या रुळांवरून डेक्कन क्वीन धावली. पीएमटीच्या बसमध्ये "डेक्कन, डेक्कन" अशी हाळी ऐकत मी मोठी झाले. त्या हाळीत एक उजवा हात आहे हे कळल्यावर मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

आनंद झाला आणि मग खटकलंही. कारण या सगळ्या वंशावळीत डावा कुठे आहे?

उजव्याची वंशावळ आणखी लांब जाते. आपला 'उजवा' संस्कृतातल्या ऋजु या शब्दावरून आलेला. ऋजु म्हणजे सरळ, त्याचं प्राकृतात उज्जु, जुन्या मराठीत उजू. आणि ऋजुचं नातं लॅटिनच्या रेक्टसशी आहे, इंग्रजीच्या राइटशी आहे. लॅटिनमध्ये यातूनच डायरेक्टस झालं, सरळ नेलेलं. दिशेसाठी इंग्रजीत वापरतात तो डायरेक्शन तिथलाच. रोमचं साम्राज्य गेल्यावर तिथल्या लोकभाषांनी उजव्यासाठी डेक्स्टर बाजूला ठेवून हाच शब्द घेतला: फ्रेंचांचा द्रुआ, स्पॅनिशांचा देरेचो, पोर्तुगिजांचा दिरैतो. आणि गंमत नव्हे, भारच म्हणेन मी, की या तिन्ही भाषांत कायदा आणि हक्क यांनाही तोच शब्द आहे. उजवं तेच सरळ, सरळ तेच न्यायाचं. पोर्तुगिजांनी हा शब्द गोव्यातही आणला. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून शहरात चढणारा मुख्य रस्ता रुआ दिरैता म्हणून ओळखला जायचा, सरळ रस्ता. सोळाव्या शतकाच्या अखेरीला तिथे राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने त्या रस्त्यावरच्या रोज सकाळच्या लिलावाचं वर्णन केलंय. घोडे, मसाले, कापड, जडजवाहीर यांच्याबरोबर तिथे गुलाम माणसंही विकली जायची. आता तिथे नारळी, लाल माती आणि चर्चच्या पांढऱ्या भिंती आहेत. सरळ म्हणवणाऱ्या त्या रस्त्यावर माणसांची बोली लागत होती, हे माझ्या मनात त्या शब्दाला कायमचं चिकटलं आहे.

आणि डावा? संस्कृतात डाव्याला सव्य होता, चांगला जुना, नातेवाईक असलेला शब्द. अर्जुनाला सव्यसाची म्हणायचे, डाव्या हातानेही बाण सोडणारा, आणि ते कौतुक होतं. मराठीत सव्य उरला तो जानव्यापुरता, आणि 'सव्यापसव्य' म्हणजे नसता उपद्व्याप यापुरता. रोजच्या बोलण्यात आला तो डावा. प्राकृतात डव्व असा शब्द आहे, डावा हात या अर्थाचा. त्याच्यामागे संस्कृतात कुठलं घर सापडत नाही. देशी म्हणून त्याची नोंद. मग पाहिलं तर हेच जगभर. स्पॅनिश लोकांनी लॅटिनचा सिनिस्टर सोडून दिला आणि शेजारच्या बास्क भाषेतून इस्किएर्दा उसना आणला. फ्रेंचांकडे सेनेस्त्र होता, तो गळाला आणि गोश आला. आज त्याचा आणखी एक अर्थ बेंगरूळ. इंग्रजीतला लेफ्ट मुळात दुबळा या अर्थाचा. उजव्याचा शब्द पिढ्यानपिढ्या टिकतो किंवा चांगल्या अर्थाच्या शब्दाला जागा देतो. डाव्याचा शब्द मात्र विटाळल्यासारखा टाकून नवा घेतला जातो, तो विटाळला की आणखी नवा. ग्रीकांनी तर डाव्याला आरिस्तेरोस म्हटलं, म्हणजे 'अधिक चांगला', शिवाय एवोनिमोस, 'चांगल्या नावाचा'. देवीचा रोग आला की त्याला 'देवी आली' म्हणायचं, सापाला रात्री 'जनावर' म्हणायचं, त्यातलीच ही भीती. आपल्याकडच्या वाम या शब्दातही सुंदर, वाकडा आणि डावा असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीने मात्र आणखी एक पाऊल टाकलं. डाव्यावरून आपण एक क्रियापदच बनवलं: डावलणे. ज्याला मोजायचं नाही त्याला डाव्या बाजूला टाकून पुढे जायचं.

हे मी आत्याला वाचून दाखवायला गेले तेव्हा जेवणाची वेळ होती आणि ती ताटं घेत होती. तिने ऐकलं, आणि चिमटीत मीठ धरून म्हणाली, "मग ताटाचं काय?" मला ते सुचलंच नव्हतं. मराठी ताटाला डावी बाजू आहे. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. तिथे पोट भरतं. पण जेवण लक्षात राहतं ते डावीकडच्यामुळे. ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, फोडणीतल्या हिंगाचा तो क्षणभराचा झणका. "आज डावीकडे काय केलंस?" असं आमच्या घरात विचारतात, आणि त्यात कसलाच कमीपणा नसतो. नवऱ्याच्या डाव्या अंगाला बायको, विठ्ठलाच्या डाव्या अंगाला रखुमाई. बाईचा डावा डोळा लवला की चांगली बातमी. दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवं व्हायचं, तिला आपण वामकुक्षी म्हणतो आणि पुण्यात तर तिच्यासाठी दुकानं बंद होतात. म्हणजे डाव्याशी आपलं वैर नाही. त्याच्या कुशीत झोपायचं, त्याच्याकडचं चाखायचं, आणि चारचौघांत देताना-घेताना मात्र त्याला मागे लपवायचं. हे दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या अंगावर कसं राहतं ते मला अजून नीट उलगडत नाही.

डावं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची किंवा सिद्धटेकच्या गणपतीची सोंड उजवी, ती त्याच्या उजवीकडे वळलेली. समोर हात जोडून उभं राहिलेल्याला ती डावीकडे दिसते. युरोपातल्या ढालींवरच्या चिन्हांच्या बाजूंना अजूनही डेक्स्टर, सिनिस्टर म्हणतात, आणि तिथेही बाजू ठरते ती ढाल धरणाऱ्यावरून. डोळ्याच्या चिठ्ठीवरही ओएस तो पेशंटचा डावा. १७८९ साली फ्रान्सच्या सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षाच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे, आणि तेव्हापासून जगातल्या राजकारणाची विभागणी एका खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातांवरून होते आहे. दाराकडून पाहिलं असतं तर सगळे डावे उजवे ठरले असते.

आत्याच्या औषधांच्या डब्यातही ही लॅटिन जोडी आहे, हे तिला दाखवायला मला फार आवडलं. सर्दीची लेव्होसेटिरिझिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. यातला लेव्हो म्हणजे लॅटिनचा लीव्हस, डाव्याचा दुसरा शब्द. ऑपरेशनआधी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना लावलेली सलाइनची बाटली डेक्स्ट्रोजची होती, त्यात डेक्स्टर. १८४८ साली पॅरिसमध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने द्राक्षाच्या आम्लापासून केलेले क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते दोन प्रकारचे निघाले, आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांचे उलट. त्याने चिमट्याने एकेक कण उचलून दोन ढीग केले. पाण्यात विरघळवल्यावर एका ढिगाने एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवलं, दुसऱ्याने डावीकडे. घटक तेच, वजन तेच, फक्त घडण उलटी. आणि शरीर या दोघांना एक मानत नाही. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळजवळ सगळी डाव्या घडणीची म्हणून ओळखली जातात. "म्हणजे आजीचीही?" आत्याने विचारलं. आजीचीही, मी म्हटलं. चिंधी बांधणाऱ्या त्या हातांचीही. आत्या बराच वेळ डब्यातल्या गोळ्या वारांच्या खणात लावत होती.

मग तिने मला पकडलं. "ते तुझे रोमन, डावीकडचे पक्षी शुभ मानणारे. ते जेवायचे कुठल्या हाताने?" याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तिला द्यावंसं वाटत नव्हतं. रोमन श्रीमंत मेजवानीला डाव्या कोपरावर रेलून पडायचे आणि खायचे उजव्या हाताने. त्याच साम्राज्यातल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहिलंय की मुलांना आपण उजव्या हाताने खायला शिकवतो, आणि त्यांनी डावा पुढे केला तर रागावतो. पक्ष्यांना मोकळीक होती, मुलांना नव्हती. आत्याला आश्चर्य वाटलं नाही. तिला दुसरंच काही हवं होतं. इतक्या जुन्या काळातल्या कुणा डावखुऱ्याच्या हातचं काही उरलंय का, तिने विचारलं, रांगोळीसारखं, भिंतीवर काढलेलं?

तेव्हा मी तिला गार्गासबद्दल सांगितलं. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या पायथ्याशी असलेली गुहा. २५,००० वर्षांहून जुने हाताचे छाप आहेत तिथे, काळे आणि तांबडे. हात भिंतीवर टेकवायचा आणि त्याभोवती रंग फुंकायचा. हात काढला की त्याची मोकळी जागा उरते. त्यातले बहुसंख्य हात डावे आहेत. आत्याचे डोळे, दोन्ही, एकदम मोठे झाले. मग मी कारण सांगितलं: रंगाची नळी धरायला आणि फुंकायला उजवा हात लागायचा, म्हणून टेकवायला डावा उरायचा. म्हणजे ती माणसं बहुतेक उजवखुरी. आत्याने आपला डावा हात हवेत धरून नळी पकडल्यासारखी बोटं केली, उजवा पंजा टेबलावर टेकवला आणि थोडा विचार केला.

"म्हणजे माझा उजवा उमटला असता," ती म्हणाली.

गार्गासच्या भिंतीवर असे थोडे उजवेही आहेत.